तुपाची वाटी आणि सायकलचा पंप

बाजीने आमच्या घरच्या पहिल्याच गणपतीत एकवीस माणसं हाकली. आरतीला मंडळी जमली तेव्हा ती हॉलभर पांगलेली होती. कुणी दाराशी, कुणी पंख्याखाली, दोघं स्वयंपाकघरात मोदक मोजायच्या निमित्ताने. दुसरी आरती संपेपर्यंत सगळी एका सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून. बाजी भुंकला नाही, चावला नाही; नुसता मागून मागून पोटऱ्यांना नाक लावत फिरत होता. इथल्या मराठी मंडळाचे एक जुने पदाधिकारी निघताना म्हणाले, "चंदीगडात मराठी माणसं इतकी जवळजवळ उभी राहिलेली मी तीस वर्षांत बघितली नव्हती."

बाजी जर्मन शेफर्ड आहे. नाव आम्ही साताऱ्याहून आणलं, कुत्रा इथला. नाव ठेवण्यापूर्वी शेजारच्या अंकलजींना विचारायला हवं होतं. त्यांचं घराणं मूळ सियालकोटचं, आणि तिकडे बाजी म्हणजे थोरली बहीण. छत्तीस किलोच्या नर कुत्र्याला मी रोज सकाळी फाटकात उभा राहून 'ताई, ताई' अशा हाका मारतो हे त्यांनी दोन वर्षं सभ्यपणाने सोसलं, मग एके दिवशी विचारलंच.

बँकेच्या बदलीने आम्ही सेक्टर ३४ मध्ये येऊन पडलो. ल कॉर्बुझिएच्या या गावात पत्ता म्हणजे गणित असतं. आमच्या उत्तरेला सेक्टर २१, म्हणजे चौतीस वजा तेरा. दक्षिणेला ४४, चौतीस आणि चव्वेचाळीस मिळून अठ्ठ्याहत्तर, म्हणजे सहा तेरा. आणि ज्या तेराच्या पाढ्यावर हे सगळं उभं आहे, तो तेरा नंबरचा सेक्टर मूळ आराखड्यात ठेवलाच नव्हता. चौतीसचा एक भाग बँका, सिनेमा आणि प्रदर्शनाच्या मैदानाचा, एक भाग आमच्यासारख्या भाडेकरूंच्या कोठ्यांचा, आणि मधे कोचिंग क्लास. संध्याकाळी क्लास सुटले की पाठीवर बॅगा घेतलेली शे-दोनशे पोरं एकदम रस्त्यावर येतात आणि चहाच्या टपऱ्यांकडे वाट फुटेल तशी पांगतात. हे दृश्य बघताना बाजीच्या घशातून जो आवाज निघतो तो गुरगुरण्याचा नाही. आमच्या शाखेत मार्चअखेरीला अस्ताव्यस्त फायली बघून हेडकॅशियर तसा आवाज काढायचे.

आपल्याकडे शेफर्ड म्हटलं की पोलीस, बंगला आणि 'कुत्र्यापासून सावध'ची पाटी एवढंच डोळ्यांपुढे येतं. नावातच मेंढपाळ आहे हे कुणी बघत नाही. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्स या घोडदळातल्या माणसाने एका प्रदर्शनात मेंढ्यांमागचा एक कुत्रा पाहिला, तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच्यापासून या जातीची नोंदवही उघडली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द घशाखाली उतरेना, म्हणून त्यांनी कुत्र्याचं बारसं करून त्याला अल्सेशियन केलं. ब्रिटनच्या केनेल क्लबने जुनं नाव परत दिलं ते १९७७ मध्ये. आमच्या गावाकडे ती बातमी अजून पोचलेली नाही. तर या कुत्र्याचं मूळ काम असं, की बिनकुंपणाच्या शेताच्या कडेने मेंढ्या चरत असताना बांधावरून येरझाऱ्या घालायच्या. चालतं कुंपण. बाजी आमच्या हिरवळीच्या कडेकडेने दिवसभर फिरतो, गवतात टीचभर रुंदीची पायवाट पडलीय, तिला आम्ही इतके दिवस राखण समजत होतो. तो बिचारा मेंढ्यांची वाट बघत होता.

माझं आजोळ फलटणकडचं. धनगरांचे वाडे लहानपणी पुष्कळ पाहिले. पण तिथला कुत्रा मेंढरं हाकत नाही. हाकतो धनगर, शीळ घालून, जिभेच्या टोकाने 'हिर्र' करून. कुत्र्याची ड्यूटी रात्रीची, वाघुरीभोवती, म्हणजे मेंढ्या कोंडलेल्या जाळीभोवती. लांडगा आला तर. इथून वर हिमाचलात गद्दी मेंढपाळांचं तेच. त्यांचा तो झुबकेदार गद्दी कुत्रा, गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालून बिबट्याशी दोन हात करणारा, त्याला कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने देशी जात म्हणून नोंदवलं आहे. त्याचंही मुख्य काम राखणीचं, हाकण्याचं नाही. म्हणजे ज्या देशात कुत्र्याला हाकायचं काम फारसं कुणी दिलं नाही, तिथे आमच्या घरी हाकण्याची पदवी घेऊन बसलेला एक बेकार तरुण होता. बेकार तरुण करतात ते सगळं तो करायचा. चपला कुरतडायचा, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून उसासे टाकायचा.

उपाय सुचवला श्टुटगार्टच्या पुतण्याने. "काका, त्याला ट्राइबबाल शिकवा." जर्मनीत हा रीतसर खेळ आहे. यान नायबूर नावाच्या डच प्रशिक्षकाच्या डोक्यातून निघालेला. मैदानावर आठ मोठमोठे चेंडू त्रिकोणात मांडायचे, पूलच्या टेबलावर मांडतात तसे. मालकाने गोलाजवळ उभं राहून नुसत्या शिट्ट्या मारायच्या. कुत्र्याने लांबच्या टोकापासून एकेक चेंडू नाकाने, खांद्याने ढकलत आणून गोलात घालायचा, पंधरा मिनिटांत आठही. मेंढ्या नाहीत, चारा नाही, लेंड्या नाहीत. "अहो, पण आठ चेंडू ठेवायचे कुठे?" हा आमच्या घरातून आलेला पहिला प्रश्न. एकावर तडजोड झाली. एक मेंढी तर एक मेंढी.

चेंडू निवडताना पुतण्याने एकच नियम सांगितला होता. कुत्र्याच्या जबड्यात मावतो तो चेंडू, मावत नाही ती मेंढी. फुटबॉल चालत नाही; त्याचा घेर सत्तर सेंटिमीटरच्या आतबाहेर, मोठा कुत्रा दात लावून तो उचलतो, आणि एकदा दात लागला की हाकणं संपून शिकार सुरू होते. चेंडूची उंची कुत्र्याच्या खांद्याएवढी किंवा वर हवी. बाजी खांद्याला त्रेसष्ट सेंटिमीटर. मी सेक्टर २२ मधल्या खेळाच्या दुकानात गेलो आणि व्यायामाचा मोठा चेंडू मागितला.

"किसके लिए, सर? हाइट बताइए." हे चेंडू माणसाच्या उंचीवरून देतात हे मला माहीत नव्हतं.

"त्रेसठ."

"इंच?"

"सेंटिमीटर."

दुकानदाराने टेबलावर हात ठेवून हवेत अंदाज घेतला. "छोटा बच्चा है. साल का?"

"चार साल का. छत्तीस किलो."

त्याच्या चेहऱ्यावर इतकी कणव दाटून आली की खरं सांगायचा मला धीर झाला नाही. त्याने पंच्याहत्तरचा चेंडू काढला, दहा टक्के सूट स्वतःहून दिली आणि पैसे परत देताना म्हणाला, "वाहेगुरु मेहर करेगा."

घरी डबा उघडला. आत घडी घातलेलं निळं पातळ रबरासारखं काहीतरी, एक नळी, एक पांढरं बूच आणि अंगठ्याएवढा पंप. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी आधी हिशेब मांडला. पंच्याहत्तर सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यात दोनशेएकवीस लिटर हवा बसते. माझ्या जुन्या सायकलच्या उभ्या पंपात एका दट्ट्याला अर्धा लिटर जाते असं धरलं, तर चारशे बेचाळीस वेळा वरखाली. डब्यातल्या पंपाचा हिशेब मी मांडायचं टाळलं. माणसाला ऐंशी टक्क्यांपर्यंतच खरं कळावं.

ऐंशी टक्के हा आकडा उगाच नाही. नवा चेंडू एकदम पूर्ण फुगवायचा नसतो. आधी ऐंशी टक्के, मग चोवीस तास तसाच ठेवायचा, अंग सैल होऊ द्यायचं, मग बाकीची हवा. नव्या सुनेसारखं, असं आमच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या. व्यास मोजायला टेप उपयोगाची नाही, गोल वस्तूवर ती घसरते. चेंडू भिंतीला टेकवून वर पुस्तक आडवं धरायचं आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची. आमच्या भाड्याच्या भिंतीवर अशा सात खुणा आहेत. घरमालकांना वाटतं कुत्र्याची उंची वाढतेय.

चारशे बेचाळीसपैकी एकशे दहाव्या दट्ट्याला माझा दम गेला. पेट्रोल पंपावर नेऊया असं मनात आलं, तोच अंकलजी कुंपणावरून ओरडले, "ना पुत्तर, ना!" त्यांचं म्हणणं रास्त होतं. गाडीच्या चाकात तीस-बत्तीस पौंडांचा दाब असतो. या चेंडूला एक पौंडही पुष्कळ झाला. तिथल्या यंत्राची एक फुंकर, आणि चेंडू, बूच, मी, तिघं तीन सेक्टरांत.

अंकलजींना चेंडूंतलं कळतं, आणि त्याला इतिहास आहे. त्यांचे वडील सियालकोटला फुटबॉल शिवायचे. फाळणीत तिथले कितीतरी कारागीर जालंधरला आले, आणि आज देशाच्या खेळसाहित्याची मोठी बाजारपेठ तिथे आहे ती त्यांच्या सुयांमुळे. अंकलजींनी स्वतः आयुष्यभर वीज खात्यात काम केलं, पण चेंडू हातात घेतला की त्यांची बोटं शिवण शोधतात. "पंपाची सुई कोरडी घालायची नाही," हे त्यांनी मला फुटबॉल दाखवून शिकवलं. "ओली कर. ग्लिसरीन असलं तर उत्तम, नाहीतर थुंकी." कोरड्या सुईने व्हॉल्व्हचं आतलं रबर फाटतं आणि मग चेंडू रोज थोडी थोडी हवा सोडतो, दोष मात्र ब्लॅडरवर येतो. आमच्या निळ्या चेंडूला सुईचा व्हॉल्व्ह नव्हताच, नुसतं बूच होतं. अंकलजींनी ते बूच दोन बोटांत धरून बघितलं आणि परत दिलं. त्या परत देण्यात सियालकोटचा सगळा तिरस्कार होता.

आणि त्या बुचानेच घात केला. दुसऱ्या दिवशी पार्कात उरलेली वीस टक्के हवा भरायची म्हणून मी ते काढून बाकावर ठेवलं. शिकवणीसाठी शेजारीच भाकरीचा तुकडा ठेवला होता. चेंडूच्या खाली, अगदी टेकून तुकडा सारायचा म्हणजे तो काढताना कुत्र्याच्या नाकाने चेंडू आपोआप ढकलला जातो, अशी ती युक्ती. बाजीने भाकरी आणि बूच एकदम उचललं आणि धूम ठोकली. बूच गिळलं तर थेट डॉक्टरच्या टेबलावर. मी पंप हातात घेऊन मागे. सकाळची फिरती मंडळी थांबून बघायला लागली. दोन फेऱ्या झाल्यावर बाकावरून अंकलजींचा आवाज आला, "भगत नामदेवजी वी कुत्ते दे पिच्छे भज्जे सी!"

मी जागीच थांबलो. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ही गोष्ट मला आजीने सांगितली होती. ती सियालकोटच्या माणसालाही कुणी सांगितली असेल असं कधी वाटलंच नव्हतं. वाटायला हवं होतं. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं ठाणं, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं होतं. पंजाबात कुत्र्यामागे धावणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हतो. फरक एवढाच की त्यांच्या हातात तूप होतं. बाजीने भाकरी खाल्ली आणि बूच माझ्या पायाशी थुंकलं. त्या दिवसापासून बुचावर चिकटपट्टी असते, आणि हवा भरताना ते माझ्या दातांत.

खेळ त्याला चार दिवसांत आला. पाचव्या दिवशी आमच्याच फाटकावरच्या बोगनवेलीने चेंडू संपवला. शहराच्या झाडांची आखणी करणाऱ्या रंधावासाहेबांनी इथे झाडं किती विचाराने लावली, कुठल्या रस्त्याला कुठल्या ऋतूत कुठला रंग; बोगनवेल मात्र प्रत्येक कोठीवाल्याने आपापल्या अविचाराने लावली आहे. चेंडू फाटकन फुटला नाही. चांगल्या प्रतीचा असला की तो हळूहळू बसतो, लांब सुस्कारा टाकत. बाजी त्याच्यासमोर बसून राहिला, मान तिरकी करून. त्याची पहिली मेंढी त्याच्या डोळ्यांदेखत मेली.

मी ती घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने सायकलच्या ट्यूबला लावतात तसं घासून, सोल्यूशन लावून, ठिगळ डकवून दिलं, आणि संध्याकाळपर्यंत ठिगळ पिकल्या पानासारखं गळून पडलं. त्याचा दोष नाही. ते सोल्यूशन रबराचं. हे चेंडू पीव्हीसीचे, त्यांना व्हिनाइलचा गोंद लागतो, पाण्यावर तरंगणाऱ्या खेळण्यांना लावतात तो. हे ज्ञान मला चाळीस रुपये देऊन मिळालं. गोंद लावून चेंडू उभा राहिला, पण ठिगळाच्या बाजूने थोडा फेंगडा. ढकलला की डावीकडे वळायचा. बाजीने आठवड्याभरात तेही शिकून घेतलं.

मधल्या काळात कडक प्लॅस्टिकचा एक गोळा आणून पाहिला. त्याला ना पंप, ना बूच, ना पंक्चर. फुटतच नाही, हे त्याचं ब्रीद. पण दात लागत नाहीत म्हणून कुत्रा ते घासत राहतो, आणि घासून दात झिजतात, नाकाचा शेंडा सोलवटतो. शिवाय आवाज. पहाटे साडेपाचला सिमेंटच्या अंगणातून तो गडगडत निघाला की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, रात्रभर आयेल्ट्सचा अभ्यास करून नुकतीच झोपलेली दोन पोरं, कॅनडाला जाण्यापूर्वीच देशत्यागाचा अनुभव घ्यायची. गोळा आता कुंड्यांमागे आहे. त्यात पावसाचं पाणी साठत नाही एवढाच त्याचा गुण.

शेवटी मार्ग काढला तो बायकोने. तिने सोलापुरी चादर फाडली. टरबुजाच्या फोडींसारखे आठ तुकडे कापले, मशिनवर जोडले आणि तोंडाशी परकराची नाडी ओवली. आत निळा चेंडू रिकामा सारायचा, मग फुगवायचा, मग नाडी आवळायची. जाड सुती विणीतून काटा सहज आत जात नाही, नख लागत नाही, आणि खोळ धुता येते. चेंडूचं अंग नुसत्या साबणाच्या पाण्याने पुसायचं. स्पिरिट लावलं की पीव्हीसी कडक होऊन तडकतं. उन्हात टाकायचा नाही, गाडीत तर मुळीच नाही. खेळ एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि नंतर चेंडू कपाटावर, नजरेआड. नाहीतर ही जात वेडी होते; जीभ बाहेर आली, पाय लटपटायला लागले तरी थांबत नाही, कारण मेंढ्या घरी गेल्याशिवाय सुट्टी नसते हे तिच्या रक्तात आहे. मे-जूनमध्ये आम्ही सकाळी सहाच्या आत उरकतो.

जूनमध्ये भरलेला चेंडू जानेवारीत मरगळतो. पहिल्या वर्षी मी पुन्हा पंक्चर शोधत बसलो, बादलीत बुडवून बुडबुडे बघत, पाच डिग्रीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. बुडबुडा एकही नाही. अंकलजी धुक्यातून म्हणाले, "ठंड में बंदा भी सिकुड़ता है." खरंच, हवेचा गुणच तसा. बेचाळीस डिग्रीला भरलेली हवा पाच-सहा डिग्रीला आली की आकाराने दहाएक टक्क्यांनी आक्रसते, पंच्याहत्तरचा चेंडू बहात्तरवर येतो. भिंतीवरच्या सात खुणांपैकी चार त्या हिवाळ्याच्या आहेत. म्हणून जानेवारीत चाळीस दट्टे जास्त आणि मार्चमध्ये आठवणीने तेवढीच हवा सोडायची, नाहीतर एप्रिलच्या पहिल्या उन्हात शिवण उसवते. पंच्याहत्तर टक्के धनगरी ही असल्याच बारीकसारीक हिशेबांची असणार. बाजी तेव्हा बाजूला बसून असतो. कामाला तो आहे, मेंढीला चारा घालायला मी.

१४ डिसेंबर २०२४ ला आमच्या मैदानावर दिलजीत दोसांझचा कार्यक्रम झाला, त्या रात्री सगळा सेक्टर थरथरत होता. खिडक्यांची तावदानं वाजत होती. बाजीला कपाटावरून चेंडू काढून द्यावा लागला. तो त्याने हॉलच्या कोपऱ्यात नेला, सोफा आणि भिंतीच्या बेचक्यात पक्का बसवला. मग तो मला घ्यायला आला. पोटरीला नाक. मी चेंडूशेजारी. मग बायको, हातात कणीक तशीच. मग फाटकापर्यंत जाऊन तो परत आला तो अंकलजींना पुढे घालून. ते नुसते आवाज सोसवेना म्हणून वऱ्हांड्यात शाल पांघरून उभे होते. सगळे सोलापुरी चादरीच्या त्या गोळ्याभोवती दाटीवाटीने बसलो, आणि बाजी दाराच्या उंबऱ्याला आडवा पडला.

तास गेला. गाणी थांबली, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. अंकलजी उठायला गेले. बाजीने नुसती मान वर केली.

अंकलजी परत बसले. "बेटा," ते बायकोला म्हणाले, "चाय चढ़ा दे."

बायको उठायला गेली. बाजीने मान वर केली.